एकच ग्रेड, दोन रुपये: स्लॅबवरच्या आकड्यावर किती विसंबावे?

एका संग्राहकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे पंचम जॉर्जचे १९१८ सालचे, मुंबई टांकसाळीचे दोन चांदीचे रुपये आहेत. दोन्ही स्लॅबमध्ये, म्हणजे लेबल लावलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद, दोन वेगवेगळ्या नामांकित कंपन्यांनी ग्रेड केलेले, म्हणजे अवस्था तपासून आकडा दिलेले, आणि दोन्हींच्या लेबलवर ‘एमएस ६३’ (एमएस म्हणजे मिंट स्टेट, चलनात न झिजलेले). पहिला हातात फिरवला की लखलखतो. दुसरा राखाडी आणि मंद आहे, पण त्यावर घासल्या-आपटल्याच्या खुणा कमी. ग्रेडिंग अचूक आहे की नाही हे ओळखायचे कसे? आणि दुसरे नाणे पुन्हा ग्रेडिंगला पाठवावे का?

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, आणि तरीही दुसऱ्या नाण्याला पहिल्याइतकी किंमत द्यायला नको होती. हे कसे, ते समजून घ्यायचे तर लेबलवर नेमके काय लिहिलेले असते इथून सुरुवात करायला हवी.

लेबल एकाच वेळी तीन गोष्टी सांगते. नाणे अस्सल आहे. त्याचा पृष्ठभाग बाजाराला चालेल इतपत नैसर्गिक आहे. आणि त्याची अवस्था अमुक आकड्याची आहे. या तिन्ही निवाड्यांची खात्री सारखी नसते. पहिल्यावर मी जवळजवळ डोळे मिटून विश्वास ठेवतो, दुसऱ्यावर बऱ्यापैकी ठेवतो, आणि तिसऱ्यावर एखाद्या अंकाची सूट धरूनच ठेवतो. ‘ग्रेडिंग अचूक असते का’ असा सरसकट प्रश्न विचारला की हे तिन्ही एकत्र मिसळतात आणि चर्चा भरकटते.

अस्सलपणाचे आधी उरकून घेऊ. ब्रिटिश इंडियाचा जुना रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि बनावट रोखण्यासाठी कडेची घडणही बदलली. वजन, धातू, कड आणि ठशाची शैली हे सगळे मोठ्या कंपन्या नीट तपासतात. १९३९ च्या दुर्मीळ रुपयाच्या नावाखाली तारखेत फेरफार केलेली नाणी फिरतात. अशा ठिकाणी स्लॅबचे पैसे नक्की वसूल होतात. मात्र स्लॅबही नकली निघतात, म्हणून प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकायचा, आणि तिथे फोटो असेल तर हातातल्या नाण्याशी एकेक डाग, एकेक ओरखडा जुळवून बघायचा. नुसता क्रमांक जुळला म्हणून थांबू नये, कारण नकली स्लॅब करणारे खऱ्या नाण्याचाच क्रमांक छापतात.

अस्सलपणापेक्षा प्रकार ओळखण्यात चुका जास्त होतात. व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया घ्या. मुंबई टांकसाळीने पुढची अनेक वर्षे नाण्यावर १८६२ हेच साल ठेवले आणि खरे वर्ष कळावे म्हणून बारीक ठिपक्यांची योजना केली. शिवाय राणीच्या प्रतिमेचे आणि मागच्या नक्षीचे वेगवेगळे साचे आहेत. लेबलवर यातला चुकीचा प्रकार छापलेला मी पाहिला आहे. प्रूफ, म्हणजे खास काळजीने पाडलेल्या चकचकीत नाण्यांत मूळ प्रूफ आणि टांकसाळीने नंतर पुन्हा पाडलेले रीस्ट्राइक यांत किमतीचे मोठे अंतर असते, तिथेही लेबल वाचून समाधान मानू नये. लेबलवरची लेखनिकी चूक कंपन्यांच्या हमीत सहसा बसत नाही. ठिपके आपले आपणच मोजायचे.

आता पृष्ठभाग. भारतीय चांदीच्या नाण्यांचा खरा वाद इथे आहे, आणि याचे कारण आपल्या घरांतच आहे. लक्ष्मीपूजनाला रुपया दुधा-पाण्याने धुवायचा, हळद-कुंकू वाहायचे, मग चिंच, राख किंवा पितांबरीने घासून लख्ख करून ठेवायचा. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले आहे. कितीतरी रुपये माळेत ओवले गेले. मग माळ मोडली, कडी काढली, टाका तासून कड गुळगुळीत केली. काही रुपयांवर सराफांनी चांदी पारखताना मारलेले ठसे आहेत. अशा नाण्यांना आकडा मिळत नाही. ‘यूएनसी डिटेल्स, क्लीन्ड’ (न झिजलेले, पण घासून साफ केलेले) किंवा कडी काढल्याचा उल्लेख असे काहीतरी लेबलवर येते. ठळक प्रकरणांत कंपन्या चुकत नाहीत. बोटाने घासलेले नाणे आणि काढलेला टाका त्यांच्या नजरेतून क्वचित सुटतो.

चुकीला वाव सीमारेषेवर असतो. चांदी उजळवणाऱ्या द्रावात क्षणभर बुडवून काढलेले नाणे घासलेले नसते, त्यावर ओरखडे नसतात. पण त्या आम्लाने काळेपणाबरोबर पृष्ठभागाचा अतिसूक्ष्म थरही जातो. एकदा बुडवले तर फारसे कळत नाही. तीन-चार वेळा बुडवलेले नाणे पांढरट-राखाडी दिसते, पण त्यातला जीव गेलेला असतो. अशा नाण्यांना कंपन्या बहुधा साधा आकडा देतात, फक्त एखाद-दोन अंकांनी खाली ओढतात. बाजारही ते मान्य करतो. मला हे पटत नाही, पण नियम म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा त्याला ग्रेडिंगची चूक म्हणता येणार नाही. तुमचा दुसरा राखाडी रुपया बहुधा याच गटातला आहे.

घासल्याचे कसे ओळखावे? मोकळ्या सपाट भागात बारीक रेषा दिसल्या की नवखा माणूस लगेच ‘क्लीन्ड’ म्हणतो. थांबा. साचा टांकसाळीत घासून चकचकीत केला असेल तर त्या घासणीच्या रेषाही नाण्यावर उमटतात. त्या उंचवट्याच्या असतात, आणि राजाच्या मानेशी, अक्षराच्या कडेशी येऊन तुटतात, कारण साच्यात अक्षर आणि चेहरा खोल असतो, तिथे पॉलिशचा दगड पोचत नाही. नंतर कुणी फडक्याने घासलेल्या रेषा मात्र खोलगट असतात आणि मैदानातून, म्हणजे सपाट भागातून निघून थेट गालावरून, अक्षरांवरून पलीकडे जातात. भिंगाखाली हा एवढा एक फरक पाहायला शिकलात तरी निम्म्या शंका मिटतात.

यानंतर आकडा. सत्तर अंकांची ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडली. तिच्यामागचा हिशेब किमतीचा होता: सर्वांत झिजलेल्या नाण्याची किंमत एक, तर निर्दोष नाण्याची सत्तर. ते किमतीचे नाते पुढे लवकरच मोडले, आकडे मात्र राहिले. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या आणि त्यांनी नाणे प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून हे आकडे बाजारभर रूढ केले. म्हणून ६३ आणि ६४ मध्ये जे अंतर आहे ते थर्मामीटरवरच्या दोन अंशांसारखे नाही. दोन-तीन अनुभवी माणसे नाणे थोडाच वेळ बघतात, आपापला आकडा सांगतात, आणि शेवटचा माणूस त्यातून एक ठरवतो. तेच नाणे तीच माणसे महिन्याभराने पाहतील तेव्हा एखादा अंक इकडे-तिकडे होऊ शकतो. तीन अंकांचा फरक पडला तर मात्र मी त्याला चूक म्हणेन.

त्या आकड्यात चार गोष्टी एकत्र केलेल्या असतात: आपटल्याच्या खुणा, चकाकी, छापाचा ठळकपणा आणि एकंदर देखणेपणा. तुमच्या पहिल्या नाण्यावर खुणा जास्त, पण चकाकी भरपूर. दुसऱ्यावर खुणा कमी, पण चकाकी मेलेली. बेरीज दोन्हीकडे ६३ आली. दोन विद्यार्थ्यांना एकूण गुण सारखे मिळाले म्हणून त्यांची गुणपत्रिका सारखी होत नाही, तसेच हे. जाणकार ग्राहक मात्र चकाकीलाच पैसे मोजतो, त्यामुळे सारख्या ग्रेडची ही दोन नाणी लिलावात सारख्या भावाने जात नाहीत.

तुमचाच रुपया घेऊन बघू या. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, कारण तिचा पसरट उजेड बारीक ओरखडे गिळून टाकतो. एकच बल्ब हवा, टेबलावरच्या दिव्याचा, नाण्यापासून हातभर अंतरावर. स्लॅब कडेने धरा आणि सावकाश गोल कलवत न्या. अस्सल टांकसाळी चकाकी असेल तर प्रकाशाचे दोन पट्टे मध्यापासून कडेपर्यंत चक्राच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. नाणे पाडताना धातू मध्याकडून बाहेर सरकतो, त्याच्या सूक्ष्म प्रवाहरेषांवरून हा उजेड परावर्तित होतो. हे पट्टे फिरत असताना राजाच्या चेहऱ्यावर नजर ठेवा. गालाचे हाड, भुवई, कानाची वरची कड, मुकुटाचा माथा आणि झग्यावर छातीशी असलेला हत्ती हे या नाण्याचे सर्वांत उंच भाग. पट्टा गालावरून जाताना अखंड राहिला तर तिथला मूळ पृष्ठभाग शाबूत आहे. पट्टा मैदानात चमकला आणि गालाच्या हाडावर येताच विझून तिथे मंद, करडा ठिपका दिसला, तर ती झीज आहे, कितीही हलकी असली तरी. मग ते नाणे खरे म्हणजे एयू ५८, म्हणजे जवळजवळ न वापरलेले पण किंचित झिजलेले. बाजाराच्या सवलतीने त्याला ६१ किंवा ६२ मिळालेले दिसते. ६३ मिळाले असेल तर मी ते ढिले ग्रेडिंग समजतो.

उलट बाजूनेही एक सावधगिरी आहे. हत्तीची सोंड पुसट दिसली म्हणून लगेच झीज म्हणू नका. १९११ च्या रुपयावर तो हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून सुधारित हत्ती आला. म्हणजे १९११ मध्ये पुसट सोंड ही मूळ घडणच. १९१८ चे कारण निराळे. पहिल्या महायुद्धात भारतात रुपयाची प्रचंड टंचाई होती. अमेरिकेने त्या वर्षी पिटमन कायदा करून सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी भारतासाठी ब्रिटनला विकली. त्या काळात मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी अखंड चालू होत्या. १९१८ या एका सालाचे रुपये चाळीस कोटींहून अधिक आहेत. साचे दमेपर्यंत वापरले गेले, त्यामुळे या सालाच्या पुष्कळ नाण्यांवर नक्षी जन्मतःच मऊ असते. मऊ छाप आणि झीज यांत फरक चकाकीवरून करायचा: छाप मऊ असला तरी त्या जागेवरून उजेडाचा पट्टा जातो, झिजलेल्या जागेवरून जात नाही. अमेरिकेत मुख्यतः मॉर्गन डॉलर (तिथले जुने चांदीचे नाणे) बघून तयार झालेली नजर इथे कधीकधी जास्तच कठोर होते, आणि मऊ छापाच्या चांगल्या रुपयाला कमी आकडा मिळतो. अशी नाणी मी आनंदाने घेतो.

हाताने पाडलेल्या नाण्यांकडे आले की ही सगळी मोजपट्टी डगमगते. पेशवाईतला पुण्याचा अंकुशी रुपया, म्हणजे अंकुशाचे चिन्ह असलेला, बघा. चकती लहान, ठसा मोठा, त्यामुळे मजकुराचा जेमतेम अर्धा भाग नाण्यावर येतो. एखादा अंकुशी ‘एमएस ६२’ आहे, पण टांकसाळीचे नाव आणि साल दोन्ही चकतीबाहेर गेली आहेत. दुसरा एक्सएफ ४५, म्हणजे थोडा झिजलेला आहे, पण अंकुश स्पष्ट, साल पूर्ण, नाव वाचता येते. मी निःसंकोच दुसरा घेईन, आणि मराठेशाहीची नाणी जाणणारा कुणीही तेच करील. झिजेपुरता आकडा बरोबर असतो, पण अशा रुपयाच्या अभ्यासकाला जे हवे असते ते त्या आकड्यात मोजलेलेच नसते.

ग्रेडिंगची अचूकता स्वतः तपासायची माझी पद्धत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. प्रदर्शनात, डीलरकडे, मित्राच्या संग्रहात जिथे स्लॅब दिसेल तिथे लेबल कागदाच्या पट्टीने झाका. नाणे वरच्यासारखे तपासा आणि तुमचा आकडा वहीत लिहा. मगच पट्टी काढा. आकडा आधी दिसला की डोळा त्याच्या बाजूने पुरावे शोधायला लागतो, ही माणसाची रीत आहे, म्हणून पट्टीला पर्याय नाही. काही महिन्यांनी वही वाचा. तुमचा आकडा दर वेळी लेबलपेक्षा एकाने कमी येत असेल, तर चूक कंपनीची नाही. तुमचे माप एका अंकाने कडक आहे, एवढेच. ते ध्यानात ठेवून पुढे चला. फरक कधी वर, कधी खाली, पण एकाच अंकाचा असेल तर तो मताचा नेहमीचा डळमळीतपणा. पण एखाद्याच प्रकारात, समजा सातव्या एडवर्डच्या रुपयांत किंवा विशिष्ट काळातल्या लेबलांत, फरक कायम एकाच दिशेचा दिसत असेल, तर तुम्हाला खरी गोष्ट सापडली आहे. तिथे त्या कंपनीचे माप खरोखर सैल किंवा कडक आहे. हे ज्ञान कुठल्या यादीत मिळत नाही आणि खरेदीत त्याचा थेट उपयोग होतो.

एडवर्डच्या रुपयात मी कानावरचे केस आणि दाढी आधी पाहतो. व्हिक्टोरियात मुकुटाखालचे केस आणि गाल. सहाव्या जॉर्जच्या निम्म्या चांदीच्या रुपयांत मिश्रधातूमुळे चकाकीच वेगळी, जराशी पिवळट-करडी असते. तिची तुलना जुन्या रुपयाशी करू नये, त्याच काळातल्या रुपयाशी करावी.

लिलावाच्या फोटोंवरून ग्रेड तपासणे अवघड आहे. समोरून सरळ प्रकाश टाकून काढलेल्या फोटोत रंग सुंदर येतात आणि हेअरलाइन, म्हणजे केसासारखे बारीक ओरखडे, गायब होतात. नाणे कलवत काढलेला छोटा व्हिडिओ मागा. प्रतिष्ठित डीलर देतो. स्लॅबवरचा ओरखडा प्लॅस्टिकचा की नाण्याचा, हेही व्हिडिओत कळते: कलवताना रेषा नाण्यावरच्या अक्षरांच्या संदर्भात सरकली तर ती प्लॅस्टिकवर आहे, अक्षराला चिकटून राहिली तर नाण्यावर.

आणखी एक गोष्ट फार थोडे जण ध्यानात घेतात. ग्रेड त्या दिवशीचा असतो. स्लॅब हवाबंद नसतो, आणि कोकणासारख्या दमट हवेत चांदी आतही काळवंडते. त्याहून वाईट म्हणजे स्लॅबमध्ये जाण्याआधी नाणे मऊ प्लॅस्टिकच्या जुन्या अल्बममध्ये वर्षानुवर्षे राहिलेले असेल, तर त्यावर पीव्हीसीचा अदृश्य थर असू शकतो. तो पुढे हिरवट, चिकट होऊन चांदी खातो. दहा वर्षांपूर्वी अगदी बरोबर दिलेला ६४ आज चुकीचा दिसतो तो असा. म्हणून जुन्या लेबलचे नाणे घेताना फोटोही आजचाच मागावा.

कंपन्या ‘इतकी नाणी या ग्रेडमध्ये’ असे तक्ते देतात, त्यावरून दुर्मिळता ठरवताना जपावे. एकच नाणे वरच्या आकड्याच्या आशेने फोडून पुन्हा पाठवले की तक्त्यात ते दोनदा मोजले जाते. अमेरिकी नाण्यांसाठी सीएसी ही संस्था २००७ पासून इतरांनी ग्रेड केलेले नाणे पुन्हा बघते आणि आपल्या आकड्यात दमदार वाटल्यास हिरवे स्टिकर लावते. आपल्या रुपयांसाठी ते काम ज्याचे त्याने, वरच्यासारखी वही ठेवून करायचे.

आता पुन्हा पाठवण्याबद्दल. तुमचे नाणे १९१८ चे, म्हणजे शंभर वर्षांहून जुने. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांचे नाणे पुरावशेष ठरते, आणि ते खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवणे कायद्याने निषिद्ध आहे. कोणी ‘मी परदेशी पाठवून ग्रेड करून आणतो’ म्हणाले तर नाणे कुठे आणि कोणत्या कायदेशीर मार्गाने जाणार हे लेखी विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर देऊ नका. आणि कायदेशीर मार्ग मिळाला तरी मी दुसरे नाणे पाठवणार नाही. चकाकी गेलेल्या रुपयाला ६४ मिळणे कठीण, ६२ मिळणे सहज शक्य, आणि १९१८ सारख्या मुबलक सालात तो एक अंक खर्चाच्या मानाने काहीच देत नाही.

पहिला रुपया ठेवा. दुसरा एकाच दिव्याखाली कलवून पाहा: पट्टे अजिबात फिरत नसतील तर तो बहुधा बुडवलेला आहे, आणि विकताना खरेदीदाराला तसे सांगा. अक्षरांच्या कोपऱ्यांत किंवा हत्तीभोवतीच्या खोबणीत हिरवट झाक दिसली, तर मात्र वेळ घालवू नका. ज्यांच्याकडून घेतला त्यांची परतीची मुदत अजून शिल्लक आहे का ते आजच बघा.